समोरचे दोन

आधी नुसतं खट् व्हायचं.
डावीकडे, पायाजवळ,
दिघोरीच्या पुढे सिमेंट संपून डांबर लागतं तिथे.
मी रेडिओ मोठा करायचे.
हा इलाज वर्षभर चालला.

मग लॅबमधून फोन यायला लागले.
मांढळची तीन सॅम्पलं फुटली, परत घ्या.
फुटली म्हणजे नळ्या नाहीत, आतलं रक्त.
हिंदकळून पेशी फुटतात,
आणि वरचं पाणी, वाळल्या तणसासारखं पिवळं असायला हवं ते,
गुलाबी होतं.
त्या तिघांत मानकाबाई डोमळे होत्या, वय एक्क्याऐंशी.
त्यांची नस सापडायला
मला मागच्या खेपेला अर्धा तास लागला होता.
"तुमची गाडी हलते का हो?" लॅबवाल्यानं विचारलं,
दात हलतो का विचारावं तसं.

खेमराज मिस्त्रीनं बॉनेटवर दोन्ही तळवे टेकले,
दाबलं, सोडलं.
अल्टो वर आली, खाली गेली,
पुन्हा वर, पुन्हा खाली,
काही ऐकू न येणारा म्हातारा
बैठकीत मान डोलवत बसतो ना, तशी.
"एकदा उठून गप बसाले पाहिजे, ताई.
हे तर आताबी हो हो करूनच राह्यली."

मला वाटायचं, शॉकअप धक्का खातो.
धक्का स्प्रिंगच खाते, म्हणाला.
शॉकअपनं फक्त तो पुरवत बसायचा नाही,
जागच्या जागी मिटवायचा.
माझ्या घरात हे काम कोण करतं,
असा एक विचार आला, पण उन्हात उभी होते,
पत्र्याखाली पंखा गरम वारा फेकत होता,
आणि माझ्याजवळ सात हजार होते.

फिल्टरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यानं हिशोब मांडला.
समोरची जोडी, कंपनीची, बेचाळीसशे.
लोकल बाविसशेत येते,
"पण मंग दिवाळीत पुन्हा मलेच शिव्या देसान."
वरचे माउंट. लोअर आर्मचे बुश, चिंधी झालेले.
स्प्रिंगा ठणठणीत, हात नको लावू.
मजुरी हजार.
अलाइनमेंट सोडायची नाही, नाहीतर नवे टायर खाईल.
मागचे शॉकअप, असं लिहिलं,
माझ्याकडे पाहिलं,
आणि स्वतःच खोडलं.
"मांगचे पोळ्याले पाहू."
बेरीज सात हजार पन्नास आली.
पन्नासाचं त्यानं काही काढलं नाही, मीही नाही.

जुना शॉकअप अज्जूनं फरशीवर उभा करून दाबला.
दांडा आत गेला
आणि आतच राहिला.
अंगावरून तेलाचा ओघळ, त्यावर धूळ,
उमरेड रोडच्या कोळशाच्या ट्रकांची काळी धूळ,
दर पावसाळ्यागणिक एक थर.
"नेता का घरी?" त्यानं विचारलं.
का कोण जाणे, हो म्हणणार होते.

दुसऱ्या दिवशी सॅम्पलांची पेटी मी डिकीतून काढली,
समोरच्या सीटवर ठेवली, बेल्ट लावला.
कुहीहून वाघाये सिस्टर रोज माझ्यासोबत परततात.
दार उघडून पेटीकडे पाहत राहिल्या.
मी म्हटलं, मागे बसा.
नवीन समोरच आहे.

पाचगावपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, "काहून वो,
तुमच्या गाडीत दोन गाड्या आहेत का?"
पोळ्यापर्यंत, मी म्हटलं.
माझा डावा हात मात्र
प्रत्येक खड्ड्याआधी पेटीवर जात होता,
तिथे आता त्याचं काही काम नसताना.

मानकाबाईंनी आज दोन्ही हात पुढे केले होते,
कोणता घेता, विचारत.
उजव्यातून निघालं, पहिल्याच टोचणीत.
ती नळी कितवी, मला माहीत होतं.

दिघोरी आलं. डांबर संपलं, सिमेंटची कड.
पुढे काहीच नाही,
जणू रस्ताच कुणी इस्त्री केला.
आणि मग, एक क्षण उशिरा,
मागून, वाघाये सिस्टर.